परकार साहेबांची टाच

परकार साहेबांना जमिनीत भोक दिसलेलं खपत नसे. सानपाड्याला ते आमच्याच सोसायटीत राहायचे. तिथल्या बागेत उंदरानं बीळ केलेलं असलं, की संध्याकाळच्या फेरीत ते थांबायचे, चप्पल नीट सावरायचे, उजवी टाच त्या भोकावर ठेवायचे आणि अंगाचा सगळा भार देऊन दोनदा दाबायचे. मग बाजूची माती पायानंच ओढून पुन्हा एकदा दाबायचे. एवढं झालं की बोलणं जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू. माझ्या सासूबाईंनी एकदा न राहवून विचारलंच, “तुमच्या ऑफिसातले ते गृहस्थ जमिनीला लाथा का मारतात गं?”

त्या लाथांमागे त्यांची अख्खी नोकरी होती. खाडीकाठच्या गावांतून भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे लांबच लांब बांध घातलेले असतात. त्या बांधांचा मोठा वैरी म्हणजे खेकडा. तो बीळ करतो, बिळातून पाणी झिरपतं, माती सैल होते आणि एखाद्या मोठ्या भरतीला बांध फुटतो. त्या फुटलेल्या जागेला खांड म्हणतात. यासीन परकार सरकारी इंजिनीअर होते आणि रायगड जिल्ह्यात असले बांध बांधणं आणि राखणं एवढंच काम त्यांनी निवृत्तीपर्यंत केलं. बांधावरून चालताना दिसेल ते बीळ टाचेनं बुजवायचं ही सवय पेन्शन सुरू झाल्यावरही राहिली.

मी त्यांना ओळखू लागले ते निवृत्तीनंतर. देशभरच्या किनाऱ्यांवर उजाड झालेली कांदळवनं पुन्हा उभी करायची अशी एक मोठी योजना निघाली होती, पार गुजरातपासून बंगालपर्यंत. आमच्या बेलापूरच्या ऑफिसच्या वाट्याला इथल्या खाड्यांचा पट्टा आला. मी तिथे नकाशे सांभाळायला होते आणि परकार साहेब सल्लागार होते. समुद्र बाहेर ठेवण्यात ज्यानं आयुष्य घातलं त्यालाच समुद्र आत घ्यायच्या कामावर नेमलंय, यावर पहिल्या दिवसापासून चेष्टा चालायची. तेही हसायचे. “किल्ली हरवली की कुलूपवाल्यालाच बोलावतात ना?” म्हणायचे.

उंच, काटकुळे, आखूड पांढरी दाढी, शर्टाच्या खिशात दोन पेनं. ऑफिसात कडक इस्त्री, पण साइटवर गेलं की बूट-मोजे गाडीत काढून ठेवायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि अनवाणी उतरायचं. “बुटाला चिखल कळत नाही, मॅडम.” मी त्यांच्या मुलीपेक्षा लहान होते, तरी शेवटपर्यंत मला मॅडमच म्हणाले. डब्यात तांदळाची भाकरी आणि कोलंबी असायची. मी बार्शीची, शाकाहारी, त्यामुळे त्यांच्या बायकोनं, भाभींनी, माझ्यासाठी सांदणांची एक छोटी डबी वेगळी द्यायला सुरुवात केली. ती डबी ते दुसऱ्या पिशवीतून आणायचे. वास लागू नये म्हणून, असं त्यांनी एकदाच सांगितलं, आणि मला उगाचच लाज वाटली.

त्यांच्या टेबलामागे एक मराठी दिनदर्शिका टांगलेली असे. सकाळी आल्यावर आधी तिथी बघायची, मग खुर्चीत बसायचं. आमच्या ऑफिसात पूजाअर्चा करणारे पुष्कळ होते, पण आज तिथी काय हे पाच वेळा नमाज पढणाऱ्या या माणसाला विचारावं लागे. मी मोबाइलवर भरतीची वेळ शोधत असले की ते तिथूनच ओरडायचे, “तिथीची पाऊणपट करा. आज चतुर्थी ना? तीन वाजता भरती. बंद करा तो मोबाइल.” आणि तीनच्या सुमाराला भरती येई. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी जेमतेम हलतं. मला हे काहीच ठाऊक नव्हतं. “तुमच्या बार्शीत चंद्र फक्त कोजागिरीला दूध प्यायला बघतात,” म्हणायचे.

योजनेच्या पहिल्या वर्षी आम्ही एक मोठा घोळ घातला. एका जुन्या बांधाच्या आतल्या बाजूला मोठाच्या मोठा ओसाड तुकडा होता. तिथे रोपं लावायचा कार्यक्रम ठरला. पाहुणे आले, मांडव पडला, चिखलात उतरायला फळ्या टाकल्या. काळ्या पिशव्यांतली तिवराची, म्हणजे कांदळवनातल्याच एका झाडाची, रोपं रांगेत मांडलेली होती. परकार साहेब मात्र टोकाला जाऊन उकिडवे बसले, ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला आणि सोडून दिलं. परत येऊन आमच्या प्रमुखांना, रेगे सरांना म्हणाले, “सर, हे पाणी कुजलंय. भरती इथवर येतच नाही. रोपं राहू द्या, आधी पाणी सोडा. बिया खाडीत तरंगतच असतात, त्या आपल्या आपण येतील.”

रेगे सर वाईट माणूस नव्हेत, पण त्यांच्या खिशातला फोन सारखा वाजत होता. “परकार साहेब, आपलं टार्गेट रोपांचं आहे,” ते म्हणाले. “पाण्याचं टार्गेट कुणी दिलेलं नाही.”

दिवाळीपर्यंत सगळी रोपं काळी पडली. मला वरून सांगण्यात आलं, नकाशावर त्या जागेपुढे ‘निरीक्षणाखाली’ असं लिहा. मी लिहीत असताना परकार साहेब मागे येऊन उभे राहिले. “मॅडम, मेलेल्याचं निरीक्षण कसलं करताय?” मी म्हटलं, सर, मला जे सांगितलं ते मी लिहितेय. त्यावर ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, “माझी चूक सांगतो तुम्हाला. मग काय ते लिहा.”

ही चूक ते प्रत्येक नवीन माणसाला सांगत. पहिल्या पोस्टिंगला पनवेल खाडीकाठच्या एका गावाचा बांध घालायचं काम त्यांच्याकडे आलं. बांधात एक दार ठेवावं लागतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडते आणि पावसाचं साठलेलं पाणी शेतातून खाडीत जातं, भरतीला आपोआप बंद होते. उघाडीचा तळ किती खोल ठेवायचा हे ठरवायला खाडीचं पाणी किती उतरतं ते मोजावं लागतं. त्यांनी मोजलं, अगदी चोख मोजलं. पण मोजलं अष्टमीला. भांगाच्या दिवशी पाणी कमी उतरतं, हे त्या चोविशीतल्या इंजिनीअरच्या डोक्यात आलं नाही. उघाडीचा तळ हातभर वर राहिला. लागोपाठ दोन पावसाळे खोलगट शेतांतलं पाणी निघालंच नाही आणि गोमीबाई नावाच्या नव्या सुनेच्या घरचं भात उभ्या उभ्या कुजलं.

“साहेब मंडळी म्हणाली, पाऊस जास्त झाला असं लिहा,” परकार साहेब म्हणाले. “मी लिहिलं, तळ चुकला. मग पुन्हा खणून बसवला. गोमीबाईच्या बांधावर उभा राहून तिला शब्द दिला, आता तुझ्या शेतात खाडीचं पाणी येणार नाही. तेव्हापासून तिथी बघितल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही.”

मी ‘निरीक्षणाखाली’ खोडलं आणि ‘मेली’ असं लिहिलं. रेगे सरांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी परकार साहेबांना बोलावून विचारलं, “बरं, पाणी सोडायचं तर कुठून सोडायचं?”

महिनाभर साहेब साइटवर फिरले आणि एक यादी आणून दिली. कुठला बांध कुठे कापला की किती कांदळवन परत येईल, असं सगळं नीट लिहिलेलं होतं. यादीत पहिलं नाव होतं त्या गोमीबाईच्या गावाचं. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या बांधाचं. त्या बांधानं खाडीचा एक जुना फाटा बंद केला होता आणि त्यामुळे दोन मैलांतली तिवरं वाळून चालली होती. आतली शेतं तर शेतं उरलीच नव्हती. सरकारनं ती कधीच संपादित करून ठेवलेली होती, गावातले लोक बंदरावर, टॅक्सीवर, सिक्युरिटीवर लागले होते. शेतांत नुसतं गवत आणि कुजकं पाणी होतं.

फक्त एक तुकडा सोडून. कागदपत्रांतल्या कसल्याशा गोंधळात गोमीबाईचं शेत तिच्याच नावावर राहून गेलं होतं आणि ती दरवर्षी त्यात भात लावत होती.

परकार साहेब तिला भेटायला गेले तेव्हा नकाशा घेऊन मीही गेले. गोमीबाई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. सत्तरीची असेल, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. साहेब पायरीवर बसले. घोटभर पाणी प्यायले. मग सरळ सांगितलं, “वहिनी, बांध कापायचा म्हणतोय.”

“कोन म्हनतो?”

“मीच.”

तिनं सूप खाली ठेवलं. “तुमीच बांधलाव, तुमीच कापनार. मंग माज्या शेताचा काय?”

“तेच विचारायला आलोय.”

“मना काय इचारता? तुमीच बोललेलं ना, खाडीचा पानी येनार नाय म्हनून? मी नव्हती गेली तुमच्या हापिसान, शब्द द्या म्हनून सांगाला.” ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. थोड्या वेळानं वर न बघताच म्हणाली, “तिवरं मेली ती मना पन दिसतान. चिंबोरी नाय, निवटी नाय, कायच नाय रायला. कापा तुमी. पन मी हाय तवर माजा भात पिकला पायजे. मी काय लय वरसं जगनार हाय?”

परतीच्या वाटेवर गाडीत ते मांडीवर नकाशा उलगडून बघत राहिले. सानपाडा आल्यावर उतरताना एवढंच म्हणाले, “दोन्ही बरोबर आहेत, मॅडम. खाडी पण आणि ती पण.”

पुढच्या मीटिंगला त्यांनी एक कागद पुढे सरकवला. मोठा बांध कापायचा, पण त्याआधी गोमीबाईच्या शेताभोवती एक छोटा गोल बांध घालायचा. रेगे सर वैतागले. “एका म्हातारीच्या शेतासाठी अख्खी योजना अडवणार तुम्ही? दिल्लीला काय सांगू?”

“योजना अडत नाही सर. एक पावसाळा उशीर होईल.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर बांध कापायच्या कागदावर माझी सही मिळणार नाही. दुसरा सल्लागार बघा. पण तो तिथी बघून मोजतो का, ते विचारून घ्या.”

मी खाली मान घालून बसले होते. रेगे सरांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, “घाला तुमचा तो गोल बांध. पण खोदायचं मशीन देणार नाही. मशीनचं काम मोठ्या बांधाचं मंजूर आहे.”

मशीन दिलं असतं तरी तिथे रुतलंच असतं. साहेबांनी गावात जाऊन जुनी पद्धत पुन्हा मांडली. पूर्वी बांधाचं काम निघालं की प्रत्येक घरानं एक माणूस द्यायचा, गरीब असो की पाटील. ती पद्धत शेतांबरोबरच बंद पडली होती. कुणी येईल असं मला वाटत नव्हतं. पण पहिल्या रविवारी अकरा जण आले, दुसऱ्या रविवारी तीसेक. टॅक्सीवाले, वॉचमन, एक बँकेतला कॅशियर. तीन-चार जणांच्या घरची शेतं तर मोठा बांध घालतानाच त्याच्याखाली गेलेली. खाडीतल्या चिखलाचे गोळे रांगेनं हातोहात पुढे यायचे, मध्ये भाताचा पेंढा पसरायचा, वर पुन्हा चिखल, आणि सगळ्यांनी मिळून पायांनी तुडवायचं. सत्तरीला टेकलेले परकार साहेब मांड्यांपर्यंत चिखलात उभे राहून ओरडत होते, “अरे नाचू नका, तुडवा! लग्नात आलात काय?” मीही दोन रविवार गोळे दिले. माझ्या हाताला फोड आले आणि सासूबाईंनी आमच्या योजनेबद्दल जे मत व्यक्त केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पावसाळा गेला, गोमीबाईचं भात निघालं. तिनं एक पायली नवे तांदूळ साहेबांच्या घरी पाठवले. मग मोठा बांध कापायचा दिवस ठरवायची वेळ आली. रेगे सरांना वाटलं, भरपूर पाणी आत येईल अशी पौर्णिमा निवडू, फोटोही चांगले येतील. साहेब म्हणाले, अष्टमी. मी त्यांच्याकडे बघितलं. ते दिनदर्शिकेकडे बघत होते. “उधाणाचं पाणी एकदम घुसलं तर कडा खचतील. भांगाला दमानं येतं,” ते म्हणाले. “या वेळी अष्टमीच बरोबर आहे.”

दुपारी ओहोटीला तराफ्यावरच्या मशीननं बांध कापायला घेतला. अर्धंअधिक गाव बघायला आलं होतं. परकार साहेब पाठीमागे हात बांधून उभे होते. आपण तरुणपणी घातलेली माती बादलीबादलीनं निघताना बघत होते. चारच्या सुमाराला पाणी कापलेल्या जागेतून आत यायला लागलं. आधी एक गढूळ जीभ आली, मग तिच्या मागून नुसता खळखळाट.

आणि गोमीबाई ओरडली, “खांड गेली रंऽऽ!”

जन्मभर त्या गावात ही हाक ऐकली की लोक जेवत्या ताटावरून उठून फावडी घेऊन धावत. तिच्या तोंडून ती आपोआपच निघाली असणार. आणि खरंच चार-पाच म्हातारे धावले. दहा पावलं गेले आणि थांबले. कुणी तरी हसलं. गोमीबाई पदर तोंडाला लावून रडत होती. मलाही रडू आवरलं नाही. खरं सांगायचं तर त्या बांधाशी माझा काय संबंध? परकार साहेब तिच्याजवळ गेले आणि तिच्या शेताच्या गोल बांधाकडे बोट दाखवून म्हणाले, “वहिनी, तिकडे बघा. तिकडे गेलं का पाणी?”

गेलं नव्हतं. गोल बांधाला टेकून पाणी थांबलं होतं.

त्यानंतर साहेबांनी दीडेक वर्ष काम केलं. मग गुडघे कुरकुरायला लागले, मग छातीचं दुखणं निघालं, आणि गेल्या हिवाळ्यात ते गेले. बातमी कळली तेव्हा मी आधी दिनदर्शिका बघितली. चतुर्दशी होती. सवय त्यांनी लावलेली, जाणार कुठे?

पण मला ते दिसतात ते साइटवरच्या त्यांच्या शेवटच्या फेरीतले. योजनेचा अहवाल दिल्लीला जायचा होता आणि मला फोटो हवे होते. कापलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना जुन्या बांधाचे तुकडे उरले होते, त्यांच्यावरून आम्ही गोमीबाईच्या शेताकडे निघालो. आतल्या सगळ्या चिखलात वीतभर उंचीची तिवरं आली होती. कुणी लावली नव्हती. बिया भरतीबरोबर आल्या आणि जिथे रुजायचं तिथे रुजल्या. दूर पाण्याच्या कडेला बगळे होते, आणि माझ्या पायाशी निवटी, म्हणजे चिखलातला तो बोटभर मासा, टुणटुण उड्या मारत गेली.

आणि त्या उरलेल्या बांधावर खेकड्यांची बिळंच बिळं झाली होती. साहेब माझ्या पुढे चालत होते. पहिल्या बिळाशी ते थांबले, सवयीनं अनवाणी पाय सावरला, उजवी टाच उचलली. क्षणभर तशीच धरली. मग पाय हळूच पुढे टाकला आणि बीळ ओलांडून गेले. दुसरं ओलांडलं. तिसरं ओलांडलं. दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक बीळ चुकवत, पायाखाली बघत ते अख्खा बांध चालून गेले.

तो बांध संपला आणि गोमीबाईचा गोल बांध सुरू झाला. त्यावरही एक बीळ होतं. परकार साहेब थांबले. उजवी टाच त्यावर ठेवली, अंगाचा भार देऊन दोनदा दाबली. बाजूची माती पायानं ओढली आणि पुन्हा एकदा दाबली.

शेतातून गोमीबाईनं मान वर केली. “सायेब, त्या कोपऱ्यान पन एक हाय.”

“बघतो,” ते म्हणाले आणि त्या कोपऱ्याकडे निघाले.